पाय उचला म्हणणारी मीच होते

अवो, आज सकाळी कालव्याला पाणी आलं. तुमाला आवडायचं तसंच आलं. पुढं फेस, वाळलेली पानं, कुणाची तरी एका पायातली चप्पल, आन् त्यामागून सावकाश गढूळ पाणी. मी पुलावर उभी होते. नवीन पाटकरी मोबाईल कानाला लावून एका हातानं चारीचं दार फिरवून राहिला होता. तुमी असता तर म्हणला असतात, बाबा, पाण्याकडं बघून दार उघड, ते पाहुणं हाये. मी काही म्हणले न्हाई. तुमी जाऊन सोळा दिवस झाले आन् मला कुणाला काही सांगायचं म्हणलं की भेव वाटतं. मी एकदा एका माणसाला चालायचं कसं ते सांगितलं होतं, त्याचं काय झालं ते तुमाला माहीत हाये.

पुतण्या कागद-पेन घेऊन आला होता. पेपरात द्यायचं म्हणला, काकू, काकांबद्दल चार ओळी सांगा. नोकरी किती वर्षं, गाव कोणतं, मागं कोण कोण. मी म्हणले, ते तूच लिही, ते समद्यांला माहीत हाये. मला जे लिहायचंय ते पेपरात छापत न्हाईत. पंचवीस वर्षं अंगणवाडीत लेकरांची वजनं लिहिली, लिहायला मला कुणी शिकवायला नको. पण हे तुमालाच लिहिते. वाचा न वाचा.

गावात कुणालाही विचारा, पाटकरी आबाचा पाय कसा अधू झाला. लहान लेकरू पण सांगतं. आबा समुद्राला गेले, पाकट माशावर पाय पडला, त्यानं शेपटीचा काटा मारला. मासेवालीनं बजावलं होतं की पाय वाळूतून घासत चाला, पण आबा विसरले आन् पाय उचलून टाकला. तुमीच सांगितलेली गोष्ट हाये ती. इतक्यांदा सांगितली की सांगता सांगता तुमाला पण खरी वाटू लागली असंल.

तुमी विसरला नव्हतात. तुमी बराबर घासत चालला होतात. पाय उचला म्हणणारी मीच होते. हे आपल्या दोघांतच राहिलं असतं तर मी काही लिहायला बसले नसते. पण आपल्या लेकीला, वर्षाला, वाटून राहिलं होतं की तुमचा पाय तिच्यामुळं गेला. पायामुळं तुमी गेलात. आन् मला ते कळल्यावर पण माझं तोंड उघडत नव्हतं.

पहिल्यापासून सांगते. तुमाला माहीत हाये, तरी सांगते.

तीन वर्षांमागं फागुनात वर्षानं आपल्याला तिकडं बोलावलं. कोकणातल्या त्या गावच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स म्हणून लागली, तिला खोली मिळाली, खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून फोनवर रोज सांगायची. तुमी रिटायर होऊन वर्ष झालं होतं. घरात बसून तुमाला करमत न्हवतं, अंगणात पाणी मारायचं तरी तुमी त्याची पाळी लावायचा, आधी तुळस, मग जास्वंद, मग पेरू. मी म्हणले, चला, लेकीचं घर तरी बघू.

घाट उतरून गाडी खाली आली आन् झाडांच्या मधून ते निळं दिसलं, तेव्हा तुमी खिडकीला कपाळ लावलं ते काढलंच न्हाई. मला वाटलं डोळा लागला. मग तुमी अगदी हळू म्हणलात, 'याचं दार कोण उघडत असंल?' मी म्हणले, 'याला दार न्हाई.' तुमी म्हणलात, 'दार न्हाई, चारी न्हाई, पाळी न्हाई. एवढं पाणी आन् भांडायला कुणी न्हाई.' बत्तीस वर्षं लोकांची पाण्यावरून भांडणं सोडवलेला माणूस तुमी. मला हसू आलं होतं. आता हे लिहिताना हसू येऊन राहिलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण तिघं पुळणीवर गेलो. पाणी मागं सरलेलं, वाळू ओली आन् गार. एक बाई टोपलीतले मासे निवडत बसली होती. तुमी तिच्यापाशी उकिडवे बसलात आन् एकेक मासा विचारू लागलात, हा कोण, तो कोण. तिनं एक चपटा मासा उचलून दाखवला, सुपाएवढा, लांब शेपटीचा. म्हणली, हा पाकट. शेपटीत काटा असतो, करवतीसारखा. हा उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून बसतो, दिसत नाही. आपणहून कुणाला काही करत नाही. अंगावर पाय पडला तरच मारतो.

तुमी विचारलंत, मग पाण्यात जायचं कसं?

ती उठली आन् ओल्या वाळूत चालून दाखवलं. पाऊल उचलायचं नाही, वाळूतनं पुढं सारायचं, जसं काही चपला मोठ्या झाल्यात. म्हणली, वाळू हलली की त्याला कळतं कुणीतरी येतंय, तो आपण होऊन बाजूला होतो. पाय लागला तरी कडेला लागतो, पाठीवर पडत नाही. मुक्कामाला आलेले लोक ऐकत नाहीत, धाडधाड पाय टाकतात आणि मग रडतात.

तुमाला ते लई आवडलं. 'म्हणजे दार वाजवून आत जायचं,' तुमी म्हणलात. वर्षा म्हणली, 'बापू, गुडघ्याच्या वर जाऊ नका. मी चहा सांगून येते.' तिकडं वर नारळाच्या झाडाखाली एक टपरी होती. ती गेली.

आपण पाण्यात शिरलो. तुमी धोतर वर खोचलं, दोन्ही हात बाजूला धरले आन् एकेक पाय सारत, थांबत, सारत निघालात. मी माझी नेहमीसारखी पाय उचलत चालले. मी त्या बाईचं ऐकलंच नव्हतं. मला वाटलं मासेवाली शहरातल्या लोकांना भेव दाखवते. मी तुमच्या चार-पाच पावलं पुढं गेले, मग वळून बघितलं.

काय दिसलं मला, ते मी आज पहिल्यांदा लिहिते. मला म्हातारा माणूस दिसला. हात पसरून, मान खाली, पाय घासत येणारा. माझ्या बापाचं शेवटचं चालणं तसं होतं, भिंतीला धरून धरून, न्हाणीपर्यंत. काठावर पुण्याकडली चार पोरं-पोरी उभी होती, ती तुमच्याकडं बघून हसून राहिली होती. मला लाज वाटली म्हणलं तर खोटं न्हाई, पण लाजेच्या खाली भेव होतं. मला तुमी म्हातारं झालेलं नको होतं. एवढंच होतं ते.

मी म्हणले, 'पाय उचला की. म्हाताऱ्यावानी काय घासून राहिलात. जन्म गाळात काढलेला माणूस तुमी.'

आन् तुमी हसलात. तुमाला काय आठवलं ते मला लगेच कळलं. लग्न होऊन मी नवीन आले होते, तुमचा डबा घेऊन कालव्यावर यायची. चारी ओलांडताना गाळात पाय रुतला, मी तो ओढत ओढत पुढं नेऊ लागले आन् तशीच बसले गाळात, डब्यासकट. तुमी काठावरून ओरडलात, 'घासू नको. गाळ धरून ठेवतो. पाय सरळ वर काढ, मग पुढं टाक.' तेव्हापासून आपण दोघं पाण्यात तसेच चालायचो, बगळ्यावानी. गाळातल्या माणसाला समुद्रातली वाळू काय माहीत. मी तुमचीच शिकवण तुमाला परत दिली, आन् तुमी बायकोचं ऐकलंत. पाय गुडघ्यापर्यंत वर घेतलात आन् सरळ खाली टाकलात.

काठावर आलो तेव्हा घोट्याखालून रक्त गळून राहिलं होतं. ती मासेवाली टोपली टाकून पळत आली. टपरीवरचं चहाचं आधण तसंच बादलीत ओतलं, त्यात गार पाणी घातलं, आपला हात घालून बघितला आन् सोसंल तेवढ्या गरम पाण्यात तुमचा पाय बुडवून ठेवला. म्हणली, गरम पाण्यानंच याची ठणक कमी होते, काढू नका. वर्षा दोन्ही हातात चहाचे गिलास घेऊन पळत आली. गिलास तिनं खाली ठेवले न्हाईत, तिच्या हातातच हिंदकळून राहिले होते. 'बापू, पाय काहून उचलला? तिनं सांगितलं होतं ना?'

तुमी एकदा माझ्याकडं बघितलं. मी बादलीकडं बघितलं. तुमी म्हणलात, 'विसरलो गं. सवय.'

तिथंच ते ठरलं. वर्षाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, काट्याचा तुकडा काढला, इंजेक्शन दिलं. पण तुमची शुगर, जखम भरायला तीन महिने लागले आन् टाच कायमची वाकडी पडू लागली. तुमी तक्रार केली न्हाई. उलट गावात आल्यावर तुमचा थाटच वेगळा. जवळा बाजार गावात रहीमभाईच्या शिलाईच्या दुकानात तुमची बैठक, तिथं तुमी समुद्र लावलात. कापड कापायच्या फळीवर खडूनं मासा काढून दाखवायचा. पाकट कसा बसतो, शेपटी कशी फिरते, पाय कसा सारायचा. बाजारच्या दिवशी कापूस विकायला आलेले लोक दुकानासमोर एका रांगेत पाय घासत चालून बघायचे, तुमी मागून बघायचा, 'टाच उचलली, टाच उचलली.' रहीमभाई डोक्याला हात लावायचे. 'अरे यार पाटकरी, कां का दर्या, कां का मासा. हमारे हिंगोली जिल्हे में किसको काटने आ रा वो?' तुमी म्हणायचा, 'कधी जाशील तर कामी येईल, रहीम. माणसाला माहीत असलेलं बरं.' आपल्या जिल्ह्यातल्या एवढ्या लोकांला पाण्यात कसं शिरायचं ते माहीत हाये, आन् त्यातल्या निम्म्यांनी समुद्र टीव्हीवर बघितलाय.

आन् दर वेळी शेवटाला ते वाक्य. 'मीच विसरलो बघा.' मी चहा देऊन आत जायची.

दुपारी तुमी बाजेवर पडायचा. बाहेर सोयाबीनची काढणी झालेली असायची, अंगणात ढीग, सगळीकडं तो वाळका गोड वास. मी निवडत बसलेली. आन् झोपेत तुमचे पाय हलायचे. उचलायचे न्हाईत, नुसते चादरीवरून पुढं सरायचे, एक, मग दुसरा. चादर पायथ्याला गोळा व्हायची. जागे झाल्यावर मी विचारलं की तुमी म्हणायचा, 'समुद्र होता.' कसा होता? 'आपल्या चारीएवढाच होता, पण पलीकडचा काठ न्हाई. तू पुढं होतीस.' एकदा म्हणलात, आपली समदी शेतं पाण्याखाली हायेत, पाणी इतकं स्वच्छ की खाली हरभरा उभा दिसून राहिलाय, घाटे लागलेला, आन् तुमी त्यावरून सावकाश पाय सारत चाललात, एक पण झाड मोडत न्हाई. ते सांगताना तुमचा आवाज इतका शांत होता की मी सूप खाली ठेवलं. ते स्वप्न आता मला पडू लागलंय. तुमचं स्वप्न मला कसं काय आलं कोण जाणे. कपाटातल्या तुमच्या शालीसारखं मीच ते अंगावर घेतलं असंल.

दर फागुनात तुमी म्हणायचा, चल, परत जाऊ. आन् मी काही तरी काढायची. माझे गुडघे. निवडणुकीची ड्युटी. भावाच्या घरचं लग्न. तुमी चिडायचा, 'मासा मला लागला आन् भितीस तू?' मी म्हणायची, 'व्हय, भिते. भेव वाटलं तर काय पाप हाये?' तुमाला वाटायचं मी माशाला भिते. मी त्या वाळूला भीत होते, जिथं उभं राहून मी ते बोलले. परत तिथं गेले असते तर माझं तोंड आपण होऊन उघडलं असतं. म्हणून तुमाला समुद्र परत दिसला न्हाई. हे पण माझ्याकडंच लागलं. आपलं ते भांडण अर्धंच राहिलं. यंदा तुमी म्हणला असतात, चल, आन् मी व्हय म्हणले असते का, ते मला खरंच सांगता येत न्हाई.

एकदाच मी बोलायला गेले. आपण दोघं हरभऱ्याचे ओले घाटे सोलत बसलो होतो. मी म्हणले, 'त्या दिवशी मी बोलले न्हाई पाहिजे होते.' तुमी वर न बघता म्हणलात, 'गाळातलं शिक्षण माझंच होतं. तू फक्त माझा धडा मला वाचून दाखवला. सोड.' मी म्हणले, लोकांला तरी खरं सांगू. तेव्हा तुमी वर बघितलं. 'लोक बाईला धरतात. पुरुष विसरला तर हसतात आन् सोडून देतात. बाईनं म्हणलं म्हणून झालं, हे कळलं तर तुला मरेपर्यंत सोडणार न्हाईत. हसू दे मला.' तुमी परत घाटे सोलू लागलात. माझ्यावर उपकार केलेत, ते मी तेव्हा पण ओळखले होते. बोलले न्हाई. आता बोलते. लई मोठं मन होतं तुमचं.

पण अवो, मी तुमच्यावर रागावलेली पण हाये. तुमी मला झाकलंत, आन् झाकताना आपलं लेकरू उघडं पडलं. ते तुमाला पण दिसलं न्हाई, मला पण न्हाई.

तुमी गेलात ते बसल्या जागी गेलात, अर्धा चहा ठेवून. वर्षा दुसऱ्या दिवशी पोचली. तिनं समदं केलं, पाहुण्यांची अंथरुणं, भाकरी, दिवा, पण बोलली न्हाई. मला वाटलं दुःख हाये, बोलेल हळूहळू. नवव्या दिवशी ती तुमच्या चपला घासायला घेऊन बसली. डाव्या पायाची टाच एका बाजूनं झिजून पार सपाट झालेली. ती त्या टाचेवरून अंगठा फिरवत राहिली आन् म्हणली, 'आई, हे माझ्यामुळं झालं.'

मी म्हणले, काय?

'मीच बोलावलं. मीच पाण्यात नेलं. नर्स असून चहाला गेले. मी जवळ असते तर बापूंना म्हणले असते ना, पाय उचलू नका. पायामुळं चालणं गेलं, चालणं गेलं म्हणून शुगर वाढली, मग हे.' तिनं एकाखाली एक असं सांगितलं, रोज मोजत असल्यासारखं. मग म्हणली, 'मी बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय. मला ती खिडकी बघवत न्हाई.'

जी खिडकी ती फोनवर रोज सांगायची, ती. तीन वर्षं तिनं ते मनात ठेवलं होतं, आन् मी तिला काय म्हणले? 'असं बोलू नये. ज्याचं त्याचं नशीब.' एवढं बोलून मी पीठ मळायला गेले. पीठ मळता मळता मला माझीच किळस आली. एक शब्द सांगायचा होता. तुमी हयात असताना मला तुमच्या मनाची आड होती, तुमी गेल्यावर आता कशाची आड होती? लोकांची होती. जाऊबाई बाहेर बसलेल्या, नणंदा बसलेल्या. पोराच्या जागची एकुलती एक लेक मला काय म्हणंल, त्याची होती.

तेरवीला रहीमभाई आले. पंगती उठल्यावर ओट्यावर माणसं जमली, आन् रहीमभाईंनी तुमची समुद्राची गोष्ट काढली. रडायच्या ऐवजी काढली असावी. तुमची नक्कल करून दाखवली, टाच उचलली, टाच उचलली. लोक हसले, डोळे पुसले, परत हसले. शेवटाला ते म्हणले, 'और खुदच भूल गया, दीवाना.' वर्षा पाणी वाढत होती. तिनं हातातला जग तिथंच ठेवला आन् आत गेली. मी तिच्या पाठीकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची परभणीची गाडी होती.

सकाळी मी तिला वाटेसाठी धपाटे लावून राहिले होते. ती दारात बसून पिशवीचं तोंड बांधून राहिली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, माणसं रात्रीच गेली होती. मी तव्याकडं बघत म्हणले, 'वर्षा, बापू विसरले नव्हते.'

ती म्हणली, 'काय?'

'मी म्हणले होते, पाय उचला. ते बराबर घासत चालले होते. मला त्यांचं तसं चालणं बघवेना. मी ओरडले, म्हणून त्यांनी उचलला. तू चहाला गेलीस त्याचा काही संबंध न्हाई. तू जवळ असतीस तरी मी म्हणलेच असते, आन् त्यांनी माझंच ऐकलं असतं.'

तिचे हात पिशवीवरच राहिले. 'हे तू आता सांगून राहिलीस?'

'व्हय.'

'तीन वर्षं आई. मी तीन वर्षं काय काय...'  ती उठून अंगणात गेली, पेरूच्या झाडाला हात लावून उभी राहिली. तव्यावरचा धपाटा जळला. मी तो काढला न्हाई. मला वाटलं, आता ही अशीच गाडीला जाईल आन् परत येणार न्हाई. तेवढं माझ्या वाट्याला यायलाच पाहिजे होतं. तुमाला म्हणले मनात, बघा, तुमी झाकलेलं मी उघडलं, आता मला मार खाऊ द्या.

किती वेळ गेला कोण जाणे. धूर समद्या घरात भरला. ती आत आली, चिमट्यानं तवा खाली उतरवला आन् माझ्यासमोर चुलीपाशी बसली. तिचा चेहरा लहानपणी ताप उतरल्यावर व्हायचा तसा झाला होता, थकलेला आन् मोकळा. म्हणली, 'मग बापू तुला काय म्हणले? काटा लागल्या लागल्या. लई रागावले असतील.'

अवो, तीन वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. कसं विचारतील? त्या गोष्टीत मी नव्हतेच. आन् मला सांगता पण येत नव्हतं, ते सांगायचं तर आधीचं सांगावं लागलं असतं. तुमी मला उभ्या जन्मात जे समद्यात चांगलं बोललात ते मी माझ्या चुकीच्या खाली दाबून ठेवलं होतं.

मी तिला सांगितलं. म्हणले, तुझे बापू ओरडले न्हाईत. तोंड पांढरं पडलं, दात दातावर बसले. काठ त्यांच्या पाठीमागं होता, चार पावलांवर, आन् मी पुढं, खोल बाजूला. त्यांनी माझ्याकडं हात केला आन् म्हणले, 'तू हलू नको. आहे तिथंच उभी राहा, पाय उचलू नको. मी येतो तुझ्याकडं.' काठ सोडून ते उलटे माझ्याकडं निघाले, तो फाटलेला पाय वाळूतून सारत सारत, पाणी लाल होऊन राहिलं तरी. आले, माझा हात धरला, मग आमी दोघं तसेच पाय घासत बाहेर आलो.

वर्षानं गुडघ्यावर डोकं ठेवलं. गाडीची वेळ होऊन गेली होती. तशीच डोकं न उचलता म्हणली, 'परत सांग.'

मी परत सांगितलं.